अनुनासिक

गाणाऱ्याने नाकातून गाऊ नये, असे आम्हांस लहानपणापासून बजावण्यात आले आहे. आणि गंमत अशी की, बजावणारी सगळी मंडळी स्वतः नाकातूनच बोलत असत. आमचे घराणे मूळचे कोकणातले. आजोबा नोकरीच्या निमित्ताने घाट चढून पुण्यास आले, तीर्थरूप पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले, आणि आम्ही चिंचवडास इंग्रजीचे अध्यापक झालो. परंतु तीन पिढ्यांच्या या प्रवासात घराण्याचे नाक काही घाटाखाली राहिले नाही. वास्तविक पाहता अनुनासिक उच्चार हा काही अपराध नव्हे. मुख आणि नासिका या दोहोंनी मिळून जो वर्ण उच्चारला जातो त्यास अनुनासिक म्हणावे, एवढेच पाणिनीने सांगितले; ऐकणाऱ्याने त्यावर नाक मुरडावे असे त्याने कोठेही सुचविलेले नाही. तरीदेखील २००५ साली हिमेश रेशमिया या संगीतकाराचा स्वतःचा आवाज जेव्हा गल्लोगल्ली घुमू लागला, तेव्हा आमच्या घरातील समस्तांनी त्याचा एकमुखाने, किंबहुना एकनासिकेने, धिक्कार केला.

ज्यांस ते दिवस आठवत नसतील त्यांच्याकरिता थोडे सांगणे प्राप्त आहे. हे गृहस्थ १९९८ पासून हिंदी चित्रपटांना चाली देत होते आणि त्या चाली बहुतेक दुसरेच गात होते. २००५ मध्ये 'आशिक बनाया आपने' या चित्रपटाचे शीर्षकगीत त्यांनी स्वतः गायिले व त्याबद्दल त्यांस पार्श्वगायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यानंतरची दोन वर्षे या आवाजातून सुटका नव्हती. डोक्यावर टोपी, वर उचललेली हनुवटी, आणि उंच धरलेला ध्वनिक्षेपक, ही त्यांची मूर्ती केशकर्तनालयांच्या काचांवर गणपती आणि शिवछत्रपती यांच्या शेजारी चिकटविलेली आम्ही पाहिली आहे. निगडीहून व भोसरीहून चाकणकडे धावणाऱ्या सहाआसनी रिक्षांत सहांच्या जागी बारा माणसे बसत, आणि तेरावा हिमेश असे. गुजरातेतील एका गावात तर त्यांच्या एका गाण्याने भुते जमतात म्हणून गावकऱ्यांनी ते वाजविण्यास बंदी केल्याचे वर्तमान त्या काळी पत्रांतून आले होते. अध्यापक-कक्षात ते वाचून आम्ही म्हणालो, "भुतांची अभिरुची तरी कळली." हा विनोद आम्हास पुष्कळ दिवस पुरला.

२९ जून २००७ रोजी या गायकाचा, त्यानेच नायक म्हणून काम केलेला, 'आप का सुरूर' हा बोलपट प्रदर्शित झाला. प्रशांत चढ्ढा यांचे दिग्दर्शन होते. नायक पडद्यावरही हिमेश रेशमियाच. म्हणजे एका सुप्रसिद्ध भारतीय रॉक गायकाची भूमिका त्या सुप्रसिद्ध गायकाने स्वतःच्याच नावाने केली होती, आणि शीर्षकाखाली ही खरी प्रेमकथा आहे असे इंग्रजीत लिहिण्यासही कोणी संकोचले नव्हते. हा गायक जर्मनीत जलशांसाठी जातो, तेथे त्याच्यावर खुनाचा आळ येतो, पोलीस त्याला धरतात, आणि मग आपले निर्दोषत्व व आपली प्रेयसी या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी मिळवाव्या लागतात. नायिकेच्या जागी हंसिका मोटवानी होती. तिला तेव्हा सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते आणि नायक चौतिशीला टेकला होता. ही गोष्ट आम्हास तेव्हा खटकली आणि आज अधिक खटकते. 'रॉक' म्हणावे तर गिटार होती, दिव्यांचा लखलखाट होता, हजारो हात वर झालेले होते. पण चालींच्या आत डोकावून पाहिले तर बंड नावाला नव्हते, विरह मात्र सगळीकडे भरून उरला होता. रॉक हे अंगरख्यासारखे वरून चढविलेले होते, आत आपला जुना हिंदी उसासाच होता. अर्थात, हे इकडेच घडते असेही नाही. एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ ते १९६९ या काळात एकतीस कथापट केले. त्यांतील बहुतेकांची टीकाकारांनी टर उडविली, आणि चाहत्यांनी ते सर्व पाहिले.

येथे आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीजपुरवठ्याच्या सोयीने लावून दिलेला हा दिवस पुढे लोकांच्या अंगवळणी पडला. लग्नाच्या बोलण्या, देवदर्शन, केस कापणे, सारे गुरुवारी. चित्रपट लागतो शुक्रवारी. तेव्हा अन्यत्र ज्या गुरुवारी आठवडा संपत आलेला आणि प्रेक्षागृह ओस पडलेले, त्याच गुरुवारी आमच्याकडे दारावर झुंबड. ५ जुलै २००७ च्या गुरुवारी आम्ही पिंपरीस एका कामासाठी गेलो असता पावसाने अडकून एका चित्रपटगृहासमोरील चहाच्या टपरीखाली उभे राहिलो आणि खेळ सुटून बाहेर आलेल्या मंडळींची मते आयतीच कानी पडली.

एक म्हणाला, गाणे फार उशिरा लागते. दुसरा म्हणाला की, तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा गाणी पाहिली, दुसऱ्यांदा गोष्ट कळली, आज नुसता त्याला पाहिला. तिसऱ्याने आक्षेप काढला की, याला अभिनय येत नाही. त्यावर कारखान्याचा निळा सदरा घातलेला एक तरुण शांतपणे उत्तरला, "अरे, तो तोच झालाय ना? मग ॲक्टिंग कशाला करंल?" ॲरिस्टॉटलपासून अनुकृतीच्या सिद्धान्तावर आम्ही जी काही वर्षे शिकविली, त्यांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने आम्हास विचारला नव्हता. पण आम्ही छत्री उघडली आणि घरी येऊन हे वाक्य विनोद म्हणून सांगितले.

वाचकांस वाटेल की, आमच्या घराण्याला भक्ती या प्रकाराचेच वावडे असावे. तसे मुळीच नाही. आमचे आजोबा बालगंधर्वांचे भक्त होते. भक्त हा शब्द येथे अगदी वाच्यार्थाने घ्यावा. १९३५ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' काढला व त्यात नारायणरावांना संत एकनाथांची भूमिका दिली. ज्याला सिंधू, भामिनी आणि रुक्मिणी म्हणून उभ्या महाराष्ट्राने पाहिले, त्याला पडद्यावर एकाएकी पुरुष म्हणून पाहणे लोकांस जड गेले. बोलपट अपेक्षेइतका चालला नाही आणि प्रभात व गंधर्व यांचा पुढचा योग तेथेच खुंटला. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त नारायणराव पुन्हा स्त्रीवेषात आले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर होते, आणि कॅमेरा रंगभूमीच्या पहिल्या रांगेपेक्षाही पुष्कळ जवळ असतो. आजोबांनी हे दोन्ही बोलपट पाहिले होते. ते चांगले होते काय, असे कोणी विचारले की ते म्हणत, "बोलपट वाईट असेल. नारायणराव वाईट असूच शकत नाहीत." आणि मग डोळे मिटून, अर्थातच नाकातून, एखादी जागा घेऊन दाखवीत. घरातील कोणीही हसत नसे. उलट, रसिकता म्हणून काय ती हीच, असे आम्हास सांगितले जाई. निळ्या सदऱ्याचे वाक्य आणि आजोबांचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मात्र आम्हास पुढे कित्येक वर्षे झाली नाही.

दोन्ही गायकांची बरोबरी आम्ही करीत आहो, असे कोणी कृपा करून समजू नये. गळ्याची बरोबरी नाही. ती करणारा कानाने अधू असला पाहिजे. आम्ही बोलतो आहो ते ऐकणाऱ्यांविषयी. आजोबांपाशी त्यांच्या वेडाला शोभेल असा गायक होता हे त्यांचे भाग्य. त्यात त्यांचे कर्तृत्व किती, हा प्रश्न निराळा.

आता जे सांगावयाचे आहे ते आम्ही लांबवीत आलो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. २००७ च्या ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही 'मला आवडलेला चित्रपट' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहावयास दिला होता. आमच्या महाविद्यालयात तेव्हा खेड तालुक्यातील बरीच मुले येत. चाकणच्या परिसरात नवे कारखाने उभे राहत होते, बापजाद्यांच्या जमिनी जात होत्या, आणि मुले रात्री एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून उभी राहून सकाळी सातच्या तासाला बाकावर डुलक्या घेत. त्यांपैकीच एक मुलगा. काळासावळा, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा, हजेरीला "येस सर" एवढेच बोलणारा. त्याने 'आप का सुरूर' या बोलपटावर तीन पाने लिहिली होती. क्रियापदे सर्व वर्तमानकाळी. नायिकेसाठी पुल्लिंगी सर्वनाम. आणि मध्येच एक वाक्य असे की, गाणे सुरू झाल्याबरोबर माझे हृदय 'हाऊसफुल्ल' झाले.

आम्ही तो निबंध वर्गात वाचून दाखविला. वाचून दाखविताना आम्ही आवाज किंचित नाकात लावला. वर्ग खो खो हसला. 'हाऊसफुल्ल'ला तर बाके वाजली. दोन पाने झाल्यावर, परिणाम पुरेसा झाला आहे असे पाहून, आम्ही वही मिटली आणि वर्तमानकाळ केव्हा वापरावा याचे विवेचन आरंभिले. तिसरे पान आम्ही वाचले नव्हते. वर्गातही नाही आणि घरीही नाही. चुका शोधण्यास दोन पाने पुष्कळ होती. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो मुलगा येत असावा. पुढच्या सत्रात हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रिकामी घरे पडत गेली. अशी रिकामी घरे त्या काळी प्रत्येक वर्गात दहा-बारा नावांपुढे असत. कोणास रात्रपाळी लागे, कोणाचे लग्न होई. आम्ही चौकशी केली नाही.

त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली. २००९ साली फोक्सवागन व मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. ज्या जर्मनीत तो बोलपट घडला होता ती जर्मनी अशा रीतीने निगडीहून तासाभराच्या वाटेवर येऊन बसली, आणि त्या वाटेवर वाहनांची जी कोंडी होऊ लागली ती अद्याप सुटलेली नाही. हिमेश रेशमिया यांचा २००८ चा 'कर्ज'चा नवा अवतार पडला, पुढचेही काही पडले, टोपी कधी उतरली कधी चढली, आणि आम्ही त्यांस विसरलो.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या कन्येने, जी हिंजवडीस संगणकाच्या कचेरीत नोकरी करते, घरी फर्मान काढले की, 'बॅडॲस रवी कुमार' पाहावयास चलायचे. नायक तेच, आता वय एक्कावन्न. ऐंशीच्या दशकातील भडक हिंदी चित्रपटांची जाणूनबुजून केलेली ती नक्कल होती, खलनायकाच्या वेषात प्रभुदेवा होते, आणि तर्क घरी ठेवून यावे असे जाहिरातीतच बजावलेले होते. "वाईट असणार," आम्ही म्हणालो. "बाबा, वाईट आहे म्हणूनच तर बघायचा. तुम्हाला कळत नाही," ती म्हणाली. कळत नव्हते असे नाही. सुसान सोनटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ साली 'कॅम्प' या अभिरुचीवर जो निबंध लिहिला तो आम्ही कितीदा तरी शिकविला आहे. अतिरेकातच मौज घ्यावयाची, ही वृत्ती सुशिक्षितांना कशी सुचते हे आम्हास पाठ आहे. कन्येस आम्ही ते सांगितलेही. ती म्हणाली, "तेच ते. चला आता."

तो दिवस गुरुवार, १३ फेब्रुवारीचा. दुसऱ्या दिवशी 'छावा' लागणार होता, आणि चिंचवडच्या त्या चित्रपटगृहात सर्व भिंतींवर छत्रपती संभाजीमहाराज अवतरले होते. तिकिटखिडकीपाशी उद्याच्याच आरक्षणाची चौकशी चाललेली. आमच्या खेळाला पंचवीस-तीस माणसे असतील. मागच्या रांगांत कन्येच्या वयाची टोळकी होती व ती प्रत्येक यमकी संवादाला शिट्ट्या मारून लोळत होती. आम्हासही दोनतीनदा हसू आवरले नाही. मात्र पुढच्या बाजूला एक कुटुंब बसले होते, नवरा, बायको आणि पाचसहा वर्षांची मुलगी. आणि तो नवरा हसत नव्हता. तो पाहत होता. गाणे आले की त्याची मान ताल धरी.

मध्यंतरात आम्ही चहा घेत असता तोच समोर आला आणि वाकून पायांना हात लावू लागला. "सर, ओळखलं का? नाही ओळखणार. वरीसभर पण नव्हतो मी." त्याने नाव सांगितले, तरी आठवेना. मग तो म्हणाला, "तुम्ही माझा निबंध वाचला होता वर्गात. हिमेशचा."

आमच्या हातातील चहा हिंदकळला. त्यास 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हेही क्षणभर सुचेना. काहीतरी बोलावयाचे म्हणून विचारले, "हल्ली काय करता?" तो चाकणला, एका जर्मन कंपनीस सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. मध्यंतरी तीन आठवडे प्रशिक्षणासाठी जर्मनीलाही जाऊन आला होता. "पिक्चरमध्ये दाखवलंय तसलं काही नाही तिथं, सर. सहा वाजता सगळं बंद," असे सांगून तो मोकळेपणाने हसला. नंतर, तक्रारीचा लवलेशही न आणता, म्हणाला, "त्या दिवशी बेल झाली, आणि शेवटचं पान राहिलं वाचायचं."

बेल झाली नव्हती. त्यानंतर पंधरा मिनिटे आम्ही वर्तमानकाळ शिकविला होता. आम्ही विचारले, "काय होते शेवटच्या पानावर?"

त्याला ते जसेच्या तसे आठवत होते. त्याचा थोरला भाऊ तेव्हा एका लहान कारखान्यात कंत्राटी कामगार होता. पितळी बुशांची एक पेटी कमी भरली. शिफ्ट सुटण्याच्या वेळी भावाला गेटवर उभे करून, सगळ्यांच्या देखत, सदरा काढावयास लावला. सापडले काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नाही. दीड-दोन महिन्यांनी पेटी त्यांच्याच स्टोअरमध्ये निघाली, हे कोणा ओळखीच्या माणसाकडून कळले. कारखान्यातून कोणी सांगावयास आले नाही. "मी लिहिलं होतं, सर, की पिक्चर मला त्याच्यामुळं आवडला. एवढा मोठा माणूस, काल सगळे त्याच्या नावानं ओरडत होते, आणि खोटा आळ आला तर बघतच राहिले. मग आपलं काय? पण त्याला शेवटी सोडवलाय पिक्चरमध्ये. भाऊ तीनदा बघून आला. त्याला गाणी कळत नाहीत."

"भाऊ आता कोठे असतो?"

"गावाकडंच. शेती बघतो. राहिली तेवढी."

आम्हास त्या बोलपटाविषयी आमचे मत बदलावेसे वाटले, असे लिहिणे सोयीचे झाले असते. ते बदललेले नाही. पटकथा पोकळ होती, नायिकेच्या वयाची गोष्ट आजही अक्षम्य वाटते, आणि आवाज नाकातच होता. परंतु तो बोलपट काय आहे आणि तो कोणासाठी काय करतो, हे दोन प्रश्न आम्ही एकच समजून अठरा वर्षे उत्तर देत होतो. आणि ज्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीन पानांत, चुकीच्या क्रियापदांत का होईना, लिहून आणले होते त्याला आम्ही सातापैकी दोन गुण दिले होते. हे गुण आमचे आम्हास आठवले. त्याने काढले नाहीत. बेल झाली नव्हती, हे त्यास सांगावे असे दोनदा ओठांवर आले. परंतु त्याची मुलगी मक्याच्या लाह्यांचा पुडा घेऊन त्याच्या पायाशी येऊन उभी राहिली होती, आणि त्याने तिला पुढे करून म्हटले, "हे माझे सर. पाया पड." ती पडली. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जे बोलावयाचे ते राहूनच गेले.

दिवे मंदावले. "चला सर, सुरू झालं. आता गाणं आहे," असे म्हणून तो लगबगीने आत गेला. आम्ही जागेवर येऊन बसलो तेव्हा कन्येने हळूच विचारले, "कोण होते, बाबा?" आम्ही सांगितले, "विद्यार्थी." मागची टोळकी शिट्ट्यांच्या तयारीत होती. पडद्यावर टोपी दिसली, तो ओळखीचा आवाज प्रेक्षागृहात भरला, आणि चार रांगा पुढे ती मुलगी खुर्चीवर उभी राहून नाचू लागली. पडू नये म्हणून तो मागून तिच्या फ्रॉकचा घेर मुठीत धरून बसला होता, आणि त्याची मान ताल धरीत होती.